गिलायुच्छेदन

घशात, पडजिभेच्या दोन्ही बाजूंना, मृदू टाळूपासून खाली उतरणाऱ्या दोन कमानींमधल्या खाचेत असलेल्या लसीकाभ (लिम्फॉइड) ऊतकाच्या पिंडांना मराठी वैद्यकीय परिभाषेत गिलायू व व्यवहारात टॉन्सिल म्हणतात. हे पिंड शस्त्रक्रियेने काढून टाकणे म्हणजे गिलायुच्छेदन. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांपैकी लहान मुलांवर सर्वाधिक केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांत हिची गणना होते आणि पुष्कळदा तिच्याच जोडीने नाकाच्या मागच्या पोकळीतील अ‍ॅडिनॉइडही काढले जातात. गिलायू, अ‍ॅडिनॉइड व जिभेच्या मुळाशी असलेले तशाच प्रकारचे ऊतक मिळून घशाच्या तोंडाशी एक कडे तयार होते. वाल्डायर या जर्मन शारीरविज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे हे कडे श्वास व अन्नावाटे आत येणाऱ्या जंतूंची शरीराला पहिली ओळख करून देते. बालपणी ते मोठे असते व पौगंडावस्थेनंतर आक्रसत जाते. त्यामुळे मुलाचे गिलायू नुसते मोठे दिसणे हा रोग नव्हे.

संज्ञा व प्राचीन उल्लेख : गिलायू हा शब्द सुश्रुतसंहितेतील असला, तरी तेथे तो अवयवाचे नव्हे, रोगाचे नाव आहे. या संहितेचे आजचे रूप कोणत्या शतकात स्थिर झाले याविषयी अभ्यासकांत मतैक्य नाही. तिच्या निदानस्थानात कंठरोगांमध्ये गिलायूचे वर्णन येते : आवळ्याच्या आठळीएवढी, स्थिर, फारशी न दुखणारी गाठ, जिच्यामुळे घशात घास अडकल्यासारखे वाटते आणि जी शस्त्रानेच बरी होते. तुण्डिकेरी हा निराळा रोग तेथे टाळूच्या रोगांत गणला असून त्यात टोचणी, दाह व पिकणे ही लक्षणे सांगितली आहेत. सामान्यतः इ. स. सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासचे मानल्या जाणाऱ्या अष्टांगहृदयात मात्र तुण्डिकेरी कंठरोगांत आली आहे आणि ती जबड्याच्या सांध्यालगत, कपाशीच्या बोंडासारखी, कठीण व बुळबुळीत सूज असल्याचे म्हटले आहे. अमरकोशात तुण्डिकेरी हा शब्द कापशीसाठीही येतो आणि तोंडलीच्या वेलासाठीही. दोन्ही फळांचा आकार सुजलेल्या टॉन्सिलची आठवण करून देतो. आधुनिक परिभाषाकारांनी टॉन्सिलसाठी गिलायू हा शब्द निवडला व तो रूढही झाला. तथापि स्थान, आकार व दाह ही तिन्ही लक्षणे एकत्र पाहता टॉन्सिलच्या विकाराशी तुण्डिकेरीचेच साम्य अधिक दिसते, तर गिलायूचे वर्णन घशातील एखाद्या एकेरी गाठीलाही लागू पडू शकेल.

शस्त्रकर्माबाबत सुश्रुताने गलशुंडिका, म्हणजे वाढलेली पडजीभ, कापण्याचा विधी तपशिलाने दिला आहे. ती अंगठा व बोटाच्या चिमटीत ओढून मंडलाग्र, म्हणजे गोलाकार टोकाच्या, शस्त्राने कापावी. मात्र फार कापल्यास रक्तस्रावाने मृत्यू ओढवतो आणि कमी कापल्यास सूज व लाळ राहते, असा इशारा तो देतो. तुण्डिकेरीलाही हाच विधी लावावा, शस्त्रकर्मात तेवढा फरक करावा, असे पुढे एका ओळीत म्हटले आहे. तो फरक कोणता, हे मात्र सांगितलेले नाही. त्यामुळे येथे संपूर्ण गिलायू काढणे अभिप्रेत होते असे ठामपणे म्हणता येत नाही. संपूर्ण पिंड काढण्याचे स्पष्ट वर्णन इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याच्याकडे मिळते : कठीण झालेले गिलायू बोटाने भोवतालून मोकळे करून उपटावे आणि ते न जमल्यास आकड्याने धरून कापावे.

आधुनिक काळ : एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या फिझिक यांनी पडजीभ कापण्याच्या उपकरणात बदल करून गिलायूसाठी गिलोटिन, म्हणजे सरकत्या पात्याने कापणारे उपकरण, बनवले. त्याने पिंडाचा बाहेर आलेला भागच कापला जाई व उरलेला पुन्हा वाढे. कोपनहेगनच्या मायर यांनी १८६८ मध्ये अ‍ॅडिनॉइडचे महत्त्व दाखवून दिले. आवरणासह संपूर्ण गिलायू सोडवून काढण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ होऊ लागली. तिचे श्रेय कोणाचे याविषयी वाद आहे. त्यानंतर ही शस्त्रक्रिया अतोनात वाढली. न्यूयॉर्कमधील १,००० शाळकरी मुलांच्या, १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६११ मुलांचे गिलायू आधीच काढलेले आढळले. उरलेल्या ३८९ पैकी १७४ जणांना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. ज्यांना सुचवली नव्हती अशा २१५ जणांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले, तेव्हा त्यांतील ९९ जणांना ती सुचवली गेली. मुले तीच होती, बदलला होता तो फक्त तपासणारा. निकषांची गरज याहून स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाली असेल.

निकष : वारंवार होणाऱ्या घसादुखीसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञ पॅरडाइज व त्यांच्या सहकाऱ्यांचे १९८४ चे निकष आजही प्रमाण मानले जातात. एका वर्षात ७ वेळा, सलग दोन वर्षे दरवर्षी ५ वेळा किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा घसा धरलेला असावा आणि प्रत्येक वेळी ताप, मानेतील गाठी, पू किंवा जंतुपरीक्षेचा पुरावा यांपैकी काही नोंदलेले असावे. प्रतिजैविक औषधे आल्यापासून मुलांमधील शस्त्रक्रियेचे मुख्य कारण हळूहळू बदलले असून आता झोपेतील श्वासरोध, म्हणजे घोरता घोरता श्वास अडणे, हे कारण पुढे आले आहे. या विकाराच्या ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवरील चाचणीत (२०१३) शस्त्रक्रियेने झोप व वागणूक सुधारली; एकाग्रतेच्या चाचणीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

प्रौढांत वारंवार घसादुखी, गिलायूभोवती पुन्हा पुन्हा होणारे गळू आणि एकाच बाजूची संशयास्पद वाढ ही प्रमुख कारणे होत. शेवटच्या कारणात कर्करोग नाही ना, हे पाहण्यासाठी काढलेला पिंड तपासणीस पाठवतात. ब्रिटनमधील २०२३ च्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढांना दोन वर्षांत घसादुखीचे मध्यक (क्रमाने लावलेल्या आकड्यांतील मधला) २३ दिवस, तर न झालेल्यांना ३० दिवस भोगावे लागले.

धोके : संपूर्ण भूल देऊन केलेली ही शस्त्रक्रिया थोड्या वेळात आटोपते, खरी चिंता रक्तस्रावाची असते. तो पहिल्या २४ तासांत किंवा खपली सुटताना, साधारणतः पाचव्या ते दहाव्या दिवसात, म्हणजे मूल घरी गेल्यावर होतो. लहान मूल रक्त थुंकत नाही, गिळते. म्हणून झोपेत ते वारंवार गिळत असल्याचे दिसल्यास घरच्यांनी सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे. काही मुलांच्या शरीरात कोडीनचे मॉर्फीनमध्ये फार वेगाने रूपांतर होऊन श्वास मंदावतो. अशा मृत्यूंनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध कडक इशारा दिला. श्वासरोधासाठी हल्ली अनेक ठिकाणी आवरण शिल्लक ठेवून आतील ऊतकच काढतात. त्यामुळे वेदना कमी होतात, परंतु काही मुलांत ऊतक पुन्हा वाढते.