पार्श्वभूमी : 'पीजे'चा वारसा आणि पालिकेची तिजोरी

जळगाव जिल्ह्यातील पाचोरा-जामनेर ('पीजे') या अरुंदमापी (नॅरोगेज) रेल्वेमार्गाचा निदान एखादा तुकडा पर्यटकांसाठी वारसा रेल्वे म्हणून राखावा आणि त्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांनी हातभार लावावा, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: रेल्वे केंद्र सरकारची, मग पालिकेने पैसा का घालावा? आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. इतिहास आणि कायदा जरा बारकाईने पाहिले तर मात्र अडचण तिथे नाही, दुसऱ्याच ठिकाणी आहे, असे दिसते.

कापसाच्या पट्ट्यातील हा ५६ किलोमीटरचा, ७६२ मिलिमीटर मापाचा मार्ग १९१८-१९ मध्ये सुरू झाला. त्या काळी शाखामार्ग बहुधा खासगी कंपन्यांच्या भांडवलावर बांधले जात आणि भागधारकांना सरकारकडून एक तर ठरावीक व्याजाची हमी मिळे किंवा मुख्य मार्गाच्या नफ्यातून भर घालून परतावा पुरा करून दिला जाई. शाखामार्गांसाठीच्या १८९६ च्या सरकारी अटींनुसार हमी तीन टक्क्यांची होती, ती १९१३ मध्ये साडेतीन टक्के झाली. छोट्या मार्गाने स्वतःच्या तिकीटविक्रीवर जगावे ही अपेक्षा पुढच्या काळातली आहे. सुरुवातीला ती कोणी ठेवलीच नव्हती. स्थानिक संस्थाही या व्यवहारापासून अगदी दूर नव्हत्या. मद्रास इलाख्यात तंजावरच्या जिल्हा बोर्डाने १८९४ मध्ये स्वतःचा रेल्वेमार्ग सुरू केला. मुंबई इलाख्याने ती वाट धरली नाही. येथे जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड (स्थानिक कामांसाठीचा उपकर) गोळा होई, त्यातला मोठा वाटा रस्त्यांवर जाई आणि मालधक्क्यापर्यंत बैलगाड्या पोचत त्या अशाच रस्त्यांवरून.

मधल्या शंभर वर्षांबद्दल खान्देशातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली ती पुन्हा सुटली नाही आणि त्यानंतर हा मार्ग ब्रॉडगेज करून जामनेरहून पुढे बोदवडला मुख्य मार्गाशी जोडण्याचा सुमारे ८४ किलोमीटरचा प्रकल्प मंजूर झाला. या प्रकल्पाला विरोध करणारा माणूस जामनेर तालुक्यात शोधून सापडणार नाही, आणि ते योग्यच आहे. वारसा जपू पाहणाऱ्यांची खरी पंचाईत हीच आहे, कारण त्यांची मागणी विकासाच्या आड येणारी म्हणून रंगवणे फार सोपे जाते.

खरा गुंता कायद्यात आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे संघसूचीत येते. राज्यसूचीच्या तेराव्या नोंदीत मात्र नगरपालिकांच्या ट्रामगाड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ मधील 'रेल्वे'ची व्याख्या दोन गोष्टी मुद्दाम वगळते: एक, संपूर्णपणे नगरपालिका हद्दीत असलेली ट्राम, दोन, प्रदर्शनाचे मैदान, जत्रा, उद्यान किंवा अन्य ठिकाणी केवळ करमणुकीसाठी टाकलेले रूळ. म्हणजे पालिकेने स्वतःच्या हद्दीत, स्वतःच्या ताब्यातील जागेवर छोटी गाडी चालवली तर ती या अधिनियमाच्या अर्थाने रेल्वेच नव्हे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि सांस्कृतिक बाबींचे संवर्धन ही नागरी संस्थांची कामे म्हणून नोंदलेली आहेतच. तेव्हा 'पालिकेला अधिकारच नाही' हे विधान टिकत नाही.

तथापि ही सवलत किती अरुंद आहे ते प्रत्यक्ष मार्गावर उतरले की कळते. शेंदुर्णी ते पहूर हा टप्पा पर्यटनाच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा म्हणावा लागेल. शेंदुर्णीत त्रिविक्रमाचे मंदिर आहे आणि पहूर अजिंठा लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. परंतु शेंदुर्णीला नगरपंचायत आहे आणि पहूरला ग्रामपंचायत, म्हणजे शिवार ओलांडताच ट्रामची सवलत संपते. उरते करमणुकीची सवलत, आणि तिच्यात 'केवळ' हा शब्द आहे. टोपली घेऊन बाजाराला निघालेली बाई त्या गाडीत बसली आणि मधल्या थांब्यावर उतरली, तर ती करमणूक उरली नाही, प्रवासी वाहतूक झाली; मग केंद्राची परवानगी, सुरक्षा आयुक्तांची तपासणी आणि बाकी सर्व आले. ज्या लोकांनी शतकभर पीजे चालती ठेवली त्यांना गाडीत न घेण्याच्या अटीवरच स्थानिक संस्था ती गाडी विनाअडथळा चालवू शकते, असा हा विचित्र निष्कर्ष निघतो. शिवाय व्याख्येतून सुटका म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. गाडीला अपघात होऊन प्रवासी जखमी झाले तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे बोट दाखवता येणार नाही. भरपाई पालिकेच्या माथी बसेल. बैठकांतील चर्चा मात्र बहुतेक वेळा इंजिनाच्या रंगावर आणि सेल्फी पॉइंटवर अडते.

पैशाची बाजू यापेक्षा सोपी नाही. जकात गेल्यापासून नगरपरिषदांच्या हाती घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि शासनाचे अनुदान एवढेच राहिले आहे. माथेरानचे उदाहरण वारंवार दिले जाते, पण १९०७ पासूनची ती गाडी रेल्वेच चालवते. पालिका पर्यटकांकडून प्रवासी कर घेते आणि गावातल्या सोयी पाहते. २०१९ च्या पावसाने मार्ग खचला तेव्हा पूर्ण सेवा सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला, आणि ती दुरुस्ती पालिकेला झेपणारी नव्हतीच. राज्याने रेल्वे प्रकल्पात निम्मा वाटा उचलण्याची प्रथा नगर-बीड-परळीसारख्या मार्गांमुळे रुळली आहे, पण ती नव्या मार्गांसाठी आहे, जुने जपण्यासाठी नाही.

यात भर पडली ती प्रशासकांच्या कारकिर्दीची. पीजेच्या भवितव्याचा निर्णय होत होता त्याच वर्षांत जिल्ह्यातील स्थानिक संस्थांच्या मुदती एकामागून एक संपत गेल्या आणि निवडणुका लांबल्या. रस्ते आणि गटारांची कामे प्रशासकाच्या सहीने होऊ शकतात. वीस-तीस वर्षांचा तोटा पत्करण्याचा ठराव त्याच्याकडून अपेक्षिणे चूक आहे. तो निर्णय निवडून आलेल्या सभागृहानेच घ्यायचा असतो.

आता जे शक्य आहे ते रुळांच्या भूमितीवर अवलंबून आहे. अरुंद मापाला ४४ मीटर त्रिज्येपर्यंतचे वळण चालते, ब्रॉडगेजला किमान १७५ मीटर लागते. त्यामुळे जिथे जुनी वळणे सरळ केली जातील तिथे जुन्या भरावाचे तुकडे नव्या मार्गाच्या बाहेर पडतील. असा एखादा तुकडा नागरी हद्दीत सापडला आणि रेल्वेने ती जमीन भाडेपट्ट्याने दिली, तर कायदा, खर्च आणि सुरक्षितता या तिन्ही बाबी पालिकेच्या आवाक्यात येऊ शकतात. मात्र काढलेले रूळ आणि निरुपयोगी ठरवलेले डबे रेल्वे भंगार म्हणून लिलावात काढते, आणि त्या लिलावात पालिकेला कोणतेही प्राधान्य आपोआप मिळत नाही. डब्यांची मागणी करणारा ठराव लिलावापूर्वी रेल्वेकडे पोचला नाही, तर पुढे जमीन मिळूनही तिच्यावर चालवायला पीजेचे काही उरणार नाही.