हार्वर्ड स्टेडियम : न हलणारं काँक्रीट आणि बदललेला फुटबॉल

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू बगलेत मारून पळायचं आणि पळणाऱ्याला झेप घेऊन पाडायचं. हार्वर्ड विद्यापीठात हे वळण आलं मे १८७४ मध्ये. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ दोन सामने खेळायला आला होता. एक झाला यजमानांच्या नियमांनी, दुसरा पाहुण्यांच्या रग्बीच्या नियमांनी. दुसऱ्यात दोघांनाही गुण मिळाला नाही, पण हार्वर्डच्या मुलांना रग्बीची गोडी लागली ती कायमची. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठाशी पहिली गाठ पडली. ती चुरस आजही तितकीच कडवी आहे.

स्टेडियमची जागा विद्यापीठापासून चार्ल्स नदीपलीकडची, बॉस्टनमधलं ‘सोल्जर्स फील्ड’ मैदान. हेन्री ली हिगिन्सन यांनी यादवी युद्धात गमावलेल्या मित्रांच्या स्मरणार्थ ती १८९० मध्ये विद्यापीठाला दिली. त्यावर १९०३ मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम उभं राहिलं. १८७९ च्या तुकडीच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी १ लाख डॉलर दिले. सळया घातलेलं काँक्रीट एवढ्या मोठ्या बांधकामाला वापरणं तेव्हा धाडसच होतं. नव्या घरातला पहिला सामना मात्र पाहुण्या डार्टमथ कॉलेजने ११-० असा जिंकला.

या काँक्रीटने पुढे जे घडवलं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. खेळ तेव्हा जिवावर बेतत होता. साखळी करून, एकाच जागी घुसून चेंडू रेटायचा, अशी रीत. १८९२ मध्ये येलवर पाचरीसारखी धडक मारणारी ‘फ्लाइंग वेज’ ही चाल हार्वर्डनेच आणली होती, म्हणजे या रक्तपातात त्यांचाही वाटा होताच. १९०५ च्या हंगामात ‘शिकागो ट्रिब्यून’ने १८ मृत्यू मोजले. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांचा तर या खेळालाच विरोध होता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः हार्वर्डचे, त्यांचा मुलगा तिथल्या नवख्यांच्या संघात. त्यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं.

मैदान ४० फुटांनी रुंद करा, म्हणजे खेळाडू पांगतील आणि चेंगराचेंगरी कमी होईल, असा खेळाचे नियम ठरवणाऱ्यांतले येलचे वॉल्टर कॅम्प यांचा आग्रह होता. पण हार्वर्डच्या स्टेडियममधल्या प्रेक्षकांच्या काँक्रीटच्या पायऱ्या मैदानाला भिडलेल्या, आणि बांधकाम जेमतेम दोन-तीन वर्षांचं. ते फोडणार कोण? मग दुसरा उपाय पुढे आला : चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी. १९०६ मध्ये ‘फॉरवर्ड पास’ नियमात बसला आणि मैदान तेवढंच राहूनही खेळ मोकळा झाला.

१९२९ मध्ये नालेचं उघडं टोक पोलादी गॅलरीने बंद झालं, १९५१ मध्ये ती गॅलरी निघाली. २३ नोव्हेंबर १९६८ ला याच मैदानात येल २९-१३ ने पुढे असताना हार्वर्डने शेवटच्या ४२ सेकंदांत १६ गुण मिळवून बरोबरी साधली. पायऱ्यांचे ३७ विभाग आजही तसेच आहेत. भल्या पहाटे बॉस्टनची माणसं व्यायाम म्हणून त्या एकेक करून चढतात. पायऱ्या बसायच्या उंचीच्या असल्यामुळे प्रत्येक पावलाला गुडघा छातीपर्यंत न्यावा लागतो.