कंबरदुखी, जुन्या दुखापतीनंतरची

पडणे, वाहनाचा अपघात किंवा ओझे उचलताना बसलेला हिसका यांमुळे कमरेला झालेली इजा भरून आल्यावरही टिकणारी किंवा पुन्हापुन्हा उलटणारी वेदना. शेवटच्या बरगडीपासून कुल्ल्यांच्या खालच्या घडीपर्यंतचा भाग दुखतो. बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेला चिरकारी म्हणतात. उसण भरणे हा प्रकार वेगळा; तो बहुधा काही दिवसांत ओसरतो.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात मांडी, श्रोणी व पृष्ठवंश यांच्या भंगासाठी ‘कपाटशयन’ सांगितले आहे : रुग्णाला फळीवर निजवून तो हलू नये म्हणून पाच खुंट्यांना बांधणे. चरकसंहितेच्या वातव्याधीच्या अध्यायातील गृध्रसीची (आजच्या भाषेत सायटिका) वेदना कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी अशी पावलापर्यंत उतरते. हा अध्याय चरकसंहितेचा संस्कर्ता दृढबल याने भर घातलेल्या १७ अध्यायांत मोडतो, असे सामान्यतः मानतात. ते ग्राह्य धरल्यास वर्णनाचे सध्याचे रूप इ. स. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचे ठरते. कटिबस्ती (कमरेवर उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात कोमट तेल धरणे) प्राचीन म्हणून सांगितली जात असली, तरी या नावाने ती बृहत्त्रयीत (चरक, सुश्रुत व वाग्भट यांचे ग्रंथ) आढळत नाही. शिरोबस्तीच्या (डोक्यावर तेल धरण्याच्या उपचाराच्या) धर्तीवर नंतर रूढ झाली असावी.

कपाटशयन ताज्या अस्थिभंगासाठी होते. जुन्या दुखण्याला फळीवर निजवण्यास त्याचा आधार घेता येत नाही. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९० दिवसांनंतर मध्यम-कठीण गादीवर झोपणाऱ्यांची स्थिती कठीण गादीवर झोपणाऱ्यांपेक्षा चांगली होती.

वेदनेचा उगम : याबाबत मतभेद आहेत. १९११ मध्ये अमेरिकी अस्थिशल्यविशारद गोल्डथ्वेट यांनी मणक्यांमागील लहान सांध्यांकडे बोट दाखवले. १९३३ मध्ये घोर्मली यांनी त्या दुखण्याला स्वतंत्र नाव दिले. पण पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी फुटलेल्या चकतीचा (दोन मणक्यांमधील गादीचा) भाग मज्जातंतूच्या मुळावर दाब देतो, हे शस्त्रक्रियेतील पुराव्यानिशी मांडले आणि सांध्यांचा विचार मागे पडला. या शोधाने पायात उतरणारी कळ समजली. मात्र नुसत्या कमरेच्या दुखण्यालाही ‘गादी सरकली’ हेच उत्तर मिळू लागले, ते पुराव्यापेक्षा पुढचे होते. १९९४ मध्ये कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांच्या एमआरआय तपासणीत ५२ टक्क्यांमध्ये निदान एक चकती फुगलेली आणि २७ टक्क्यांमध्ये पुढे आलेली दिसली. म्हणून जुन्या इजेनंतरच्या अहवालातील प्रत्येक शब्द वेदनेचे कारण समजू नये.

तिसरे मत स्नायूंविषयी आहे. मणक्यांलगतचा मल्टिफिडस हा खोल स्नायू दुखापतीनंतर रोडावतो आणि दुखणे थांबले म्हणून आपोआप भरत नाही, हे हाइड्स व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले. त्याच ३९ रुग्णांपैकी विशिष्ट व्यायाम केलेल्यांमध्ये वर्षभरात दुखणे उलटण्याचे प्रमाण ३० टक्के, तर न केलेल्यांमध्ये ८४ टक्के होते. संख्या लहान आहे. चौथ्या मतानुसार चेतासंस्थाच अतिसंवेदनशील होऊन निरुपद्रवी हालचालीलाही धोक्याचा इशारा देते. वाकण्याची भीती आणि अपुरी झोप यांनी ती अवस्था टिकते. शेवटची दोन मते परस्परपूरक मानणे अधिक योग्य. दुखणे वाढले म्हणजे जुनी इजा पुन्हा उघडली, असे बहुतेक वेळा नसते. रुग्णाला हे नीट समजावणे हाही उपचारच आहे.

व्यवस्थापन : नेहमीची चूक म्हणजे बऱ्या दिवशी माळ्यापासून अंगणापर्यंत सगळी साफसफाई उरकणे आणि मग दोन दिवस अंथरूण धरणे. अशाने सहनशक्ती घटत जाते. त्यासाठी काम वेदनेवर नव्हे, घड्याळावर बेतावे. दुखणे वाढू न देता तीन दिवस २०, १४ व १७ मिनिटे चालता आले, तर सरासरी १७. तिच्या ८० टक्के, म्हणजे सुमारे साडेतेरा मिनिटांपासून सुरुवात करावी. दर आठवड्याला सुमारे दहा टक्के वाढवावे. बरे वाटले तरी त्याहून जास्त नाही. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आले, तर मात्रा बरोबर समजावी.

कॅनडातील कण्याचे अभ्यासक मॅकगिल यांचे तीन व्यायाम बरेच वापरात आहेत. पहिल्यात उताणे निजून एक गुडघा वाकवतात, तळहात कमरेच्या खोलगटीखाली ठेवतात आणि डोके-खांदे जेमतेम उचलतात. कंबर जमिनीला दाबल्यास हेतू फसतो. दुसऱ्यात कुशीवर, कोपर व गुडघ्यांच्या आधारे धड सरळ उचलतात. तिसऱ्यात हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन उजवा हात व डावा पाय (मग उलट) जमिनीला समांतर ताणतात. पाय त्याहून वर गेला की कंबर खाली झुकते आणि मागच्या सांध्यांवर ताण येतो. प्रत्येक स्थिती ८–१० सेकंद. आधी सहा, मग चार, मग दोन वेळा.

रात्रभर चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणे टाळावे. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्याने उठावे. तोंड धुताना एक हात बेसिनवर टेकवावा. बसणे उभे राहण्यापेक्षा वाईट, हा समज स्वीडनचे अस्थिशल्यविशारद नॅकेमसन यांनी १९६०च्या दशकात केलेल्या चकतीतील दाबाच्या मोजणीतून आला. १९९९ मध्ये विल्के यांच्या मोजणीत सैल बसताना दाब उभे राहण्याहून किंचित कमीच निघाला; अर्थात ती एकाच व्यक्तीवर झाली होती. त्याच मोजणीत २० किलो वजन पाठ पुढे गोल वाकवून उचलताना दाब २.३, गुडघे वाकवून उचलताना १.७ आणि अंगाशी धरून ठेवताना १.१ मेगापास्कल होता (नुसते उभे असताना ०.५). भरलेला घरगुती गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोचा असतो; तो उचलण्याऐवजी तिरपा करून त्याच्या तळाच्या कडेवर फिरवत न्यावा. बसण्याची एकच ‘योग्य’ पद्धत शोधण्यापेक्षा अर्ध्या तासाने उठणे उपयोगी.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये विशिष्ट कारण न सापडणाऱ्या चिरकारी कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम, रुग्णशिक्षण व मानसोपचारांचा पुरस्कार आहे. कंबरपट्टा, वजने लावून ताण देणे आणि अल्ट्रासाउंड शेक नेहमीसाठी वापरू नयेत, असे म्हटले आहे. अस्थिभंगानंतर ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या पट्ट्याला हे लागू नाही. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचा उपयोग थोडा. ती कमीत कमी दिवस घ्यावीत. जठरव्रण, मूत्रपिंडविकार, हृदयविकार वा उच्च रक्तदाब असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरता, लघवी अडणे किंवा नकळत होणे, पायातील शक्ती झपाट्याने जाणे ही तातडीच्या शस्त्रक्रियेची लक्षणे असू शकतात; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे व रात्री वाढणारे दुखणे असल्यास ते जुन्या इजेच्या माथी न मारता मणक्याचा क्षयरोग व कर्करोग यांची तपासणी करावी. वयस्कर किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्तीत जुन्या जागी अचानक तीव्र कळ आल्यास नव्या अस्थिभंगाची शंका घ्यावी. तो किरकोळ वाकण्यानेही होतो.