फ्रंटपेज आणि फ्रंटपेज एक्सप्रेस, दोन्ही एकच का?

जुन्या वेबसाइट्सचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, "अरे फ्रंटपेज, ते वेबपानं बनवायचं सॉफ्टवेअर, तर विंडोजबरोबर फुकट यायचं." फुकट यायचं ते फ्रंटपेज एक्सप्रेस, १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ सोबत आलेलं आणि मग विंडोज ९८ मध्येही असलेलं. नुसतं फ्रंटपेज विकत घ्यावं लागायचं, आणि ते मुळात मायक्रोसॉफ्टचं नव्हतंच, व्हर्मीर टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीने १९९५ मध्ये काढलं आणि १९९६ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने अख्खी कंपनीच विकत घेतली.

एक्सप्रेस म्हणजे फ्रंटपेज ९७ मधला एडिटर तेवढा छाटून दिलेला. वर्डसारखं टाइप करा, टेबल टाका, फोटो लावा, सेव्ह करा, झालं पान तयार. पण त्याला समोरचं पान सोडून काही दिसत नाही, एका फाइलचं नाव बदललं तर बाकी पानांवरच्या लिंक्स तुम्हीच शोधून दुरुस्त करत बसायचं.

मोठ्या फ्रंटपेजची खरी मजा इथेच होती. ते पूर्ण साइट सांभाळायचं, फाइल हलवली तर लिंक्स आपोआप बदलायचं, फ्रंटपेज ९८ पासून तयार थीम्सही (पूर्ण साइटला एकसारखं रूप देणारी डिझाइन्स) आल्या. हिट काउंटर (पान किती वेळा उघडलं ते मोजणारा आकडा) आणि फॉर्म तर एक ओळ कोड न लिहिता, फक्त त्यासाठी सर्व्हरवर फ्रंटपेज सर्व्हर एक्स्टेन्शन्स नावाचे जोड-प्रोग्रॅम बसवलेले लागायचे आणि ते नसतील तर साइट टाकल्यावर काउंटर बंद, फॉर्म बंद, आणि लोक कोडमध्ये चूक शोधत बसलेत! जुन्या सर्व्हरवर व्हीटीआय अक्षरांचे फोल्डर दिसतात ना, ते याचेच, व्हर्मीर टेक्नॉलॉजीज इंकची आद्याक्षरं शेवटपर्यंत तशीच राहिली.

कोडच्या बाबतीत मात्र दोघांनाही शिव्या पडल्या. हाताने नीट लिहिलेलं एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, उघडायचं आणि सेव्ह करताना त्यांनी आपल्या मनाने फिरवून टाकायचं, हा त्रास फ्रंटपेज २००० मध्ये बराच कमी झाला. एक्सप्रेसला ते सुख मिळालंच नाही, ते ९७ च्या एडिटरवरच थांबलं. फ्रंटपेज २००३ च्या आवृत्तीपर्यंत चाललं आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तेही बंद केलं.

एखादं जुनं पान कशात बनलंय बघायचं असेल तर ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स म्हणजे कोड उघडा, वरच्या जनरेटर मेटा टॅगमध्ये (पान कशात बनवलं ते सांगणाऱ्या ओळीत) बहुतेक वेळा नाव असतं, एक्सप्रेसचं असेल तर एक्सप्रेससकट.