साठी बुद्धी नाठी

साठी बुद्धी नाठी : वय झाले की अक्कल ओसरते, असे सांगणारी मराठीतील रूढ म्हण व तिच्यामागची समजूत. ‘नाठी’ हे संस्कृत ‘नष्ट’चे प्राकृतातून (णट्ठ) आलेले रूप, साठीला बुद्धी गेली, असा सरळ अर्थ. हिंदीत तर याच आकड्यावरून ‘सठियाना’ हे क्रियापद झाले आहे. एरवी म्हण गमतीची आहे. चष्मा कपाळावर आणि आजोबा तो घरभर शोधताहेत, अशा वेळी ती घरचे वापरतात, आजोबा स्वतःही वापरतात. तिचा उपद्रव सुरू होतो तो निदान म्हणून वापरल्यावर. ‘आता वय झालं त्यांचं’ एवढे बोलून झाले की डॉक्टरकडे जायचे कारण उरत नाही.

साठ हाच आकडा का, याचे उत्तर शरीरात सापडत नाही, पंचांगात सापडते. प्रभवापासून क्षयापर्यंत संवत्सरे साठ. माणसाला साठ वर्षे पूर्ण झाली की जन्माच्या वेळचे संवत्सर पुन्हा येते. एक फेरा पुरा झाला म्हणून षष्ट्यब्दी साजरी होते, काही घरांत उग्ररथ शांत करतात. पुढे कायद्यानेही हाच आकडा उचलला. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठीच्या २००७ च्या कायद्यात साठ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. केंद्र सरकारी नोकरीतले निवृत्तीचे वय १९९८ मध्ये ५८ वरून ६० झाले. महाराष्ट्र शासनाचे बहुतेक कर्मचारी मात्र ५८ व्या वर्षीच निवृत्त होतात. एसटीत अर्धे तिकीट ६५ नंतर, आणि २०२२ पासून ७५ नंतर प्रवास मोफत. म्हणजे माणूस म्हातारा कधी होतो, हे तो कोणत्या खिडकीपुढे उभा आहे त्यावर ठरते.

जुने वैद्यकही म्हणीच्या बाजूने उभे राहत नाही. शार्ङ्गधर संहितेत दर दहा वर्षांमागे माणसातले काय काय उणावते याचा क्रम दिला आहे. त्यात मेधा (म्हणजे ग्रहण-धारणाशक्ती) चौथ्या दशकात, दृष्टी सहाव्या दशकात आणि बुद्धी नवव्या दशकात, म्हणजे ऐंशीनंतर धरली आहे. हा क्रम आजच्या अर्थाने शास्त्रीय नाही. पण साठीला बुद्धी जाते असे त्यातही नाही. ‘साठी’ला ‘नाठी’ जुळते, ‘ऐंशी’ला असे काही जुळत नाही, हे म्हण टिकण्याचे एक कारण असावे.

वयाबरोबर बदल होतात, हे खरेच. नवे काही शिकायला जास्त वेळ लागतो, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते, फोनवर बोलता बोलता दुधाकडे लक्ष ठेवणे जड जाते. शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेली जाण मात्र बराच काळ टिकते, काहींची वाढतेही. मग घसरण इतकी मोठी का वाटत आली? याचे एक कारण मोजण्याच्या पद्धतीत होते. तरुण आणि म्हातारे एकाच दिवशी शेजारी बसवून चाचणी घेतली की म्हातारे मागे पडतात. पण त्यांना शाळाही कमी मिळालेली असते. के. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत सिॲटल येथे सुरू केलेल्या अभ्यासात त्याच माणसांची वर्षानुवर्षे पुन्हा चाचणी घेतली गेली. तेव्हा दिसले की बहुतेक क्षमतांमध्ये साठीपर्यंत फारसा फरक पडत नाही आणि नंतरचा उतारही माणसागणिक वेगळा असतो. मेंदूतल्या पेशी भराभर मरतात, ही समजूतही अशीच मागे पडली. डेन्मार्कमध्ये ९४ मेंदूंची मोजणी झाली. तिच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विसाव्या वर्षापासून नव्वदीपर्यंत मेंदूच्या बाह्यकातील (बाहेरच्या थरातील) चेतापेशींत पडणारी घट सुमारे दहा टक्के आहे.

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) हा वयाचा भाग नसून आजार आहे. वय वाढेल तसा त्याचा धोका वाढतो, म्हणून दोहोंची गल्लत होते. मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या ‘लासी’ या वृद्धत्वाविषयीच्या देशव्यापी अभ्यासाशी जोडलेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या लोकांत त्याचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. संख्या मोठी आहे. पण शंभरातल्या ९२–९३ जणांना तो नाही, हेही त्याच आकड्यात आहे. शिवाय अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचा इतिहासच साठीच्या आतल्या रुग्णापासून सुरू होतो. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये प्रथम तपासलेली बाई ५१ वर्षांची होती. पुढे कित्येक दशके हा आजार ‘अकाली’ आलेल्यांचाच मानला गेला आणि सत्तरीत तीच लक्षणे दिसली तर त्याला निव्वळ म्हातारपण म्हणत. दोन्ही एकच आहेत, हे अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये ठासून मांडले, तेव्हा कुठे संशोधनाला जोर आला. आपल्याकडच्या बैठकीच्या खोलीत ते १९७६ अजून पुरते उजाडलेले नाही.

विसर साधा की आजाराचा, हे किती विसरले यापेक्षा काय विसरले यावरून जास्त कळते. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, हे कोणाचेही होते. किल्ली हातात घेऊन ‘हे काय असतं?’ असे वाटणे वेगळे. चाळीस वर्षे पुरणपोळी करणाऱ्या बाईला पुरणात गूळ घातला की नाही ते आठवले नाही, तर ती चाखून बघते. डाळ शिजल्यावर पुढे काय करायचे तेच सुचेना आणि ती पातेल्यापुढे नुसती उभी राहिली, तर दाखवायला न्यावे. नेहमीच्या वाटेवर चुकणे, पैशांचा हिशेब एकाएकी न जमणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणे, हीही अशीच लक्षणे.

‘म्हातारचळ’ या शब्दाचा घोटाळा आणखी वेगळा. त्यात विसरण्यापेक्षा वागण्यावर ठपका असतो : आजोबा चारचौघांत भलतेच बोलले, उधळपट्टी करू लागले, लाज सोडली. मेंदूच्या पुढच्या व कानशिलाकडच्या भागांना झिजवणाऱ्या स्मृतिभ्रंशाची सुरुवात नेमकी अशी होते. स्मरणशक्ती त्या वेळी बऱ्यापैकी शाबूत असते, म्हणून कोणाला आजाराची शंका येत नाही. हा आजार पुष्कळदा साठीच्या आतच गाठतो. घरच्यांना मात्र तो चारित्र्याचा प्रश्न वाटतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे बरे होऊ शकणारे दुखणे वयावर ढकलणे. एक नेहमी दिसणारा प्रसंग : सत्तरीतल्या आजी, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, ‘बीपी आहे’ म्हणून जेवणातले मीठ जवळपास बंद, त्यात दोन दिवस उलट्या. तिसऱ्या दिवशी त्या मुलाला भावाच्या नावाने हाक मारतात, रात्रभर अंथरूण चाचपत बसतात. घरात म्हण आठवते. रक्त तपासले तर सोडियम खाली गेलेले असते आणि ते सावकाश भरून काढल्यावर आजी पुन्हा सुनेला फोडणी कशी द्यायची ते सांगू लागतात. मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग, ब जीवनसत्त्व-१२ ची कमतरता, थायरॉइडची मंदी, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, किरकोळ पडण्यातून कवटीखाली साचलेले रक्त, यांनीही असाच गोंधळ उडतो. दोन-तीन दिवसांत अचानक आलेला भ्रम हे म्हातारपण नव्हे. ते तातडीचे दुखणे आहे. ऐकू कमी येणाऱ्याचेही असेच होते. सांगितलेले त्याच्या लक्षात राहत नाही, अशी तक्रार असते. वास्तविक ते त्याच्यापर्यंत पोचलेलेच नसते.

तपासणीची प्रश्नावलीही शाळेच्या पाटीवरची असून चालत नाही. दिल्लीजवळच्या बल्लभगढ परिसरात निरक्षर ज्येष्ठांसाठी बेतलेल्या हिंदी चाचणीत वाचायला-लिहायला न लावता वार उलटे म्हणायला सांगतात, सकाळ आहे की दुपार ते विचारतात. आजची तारीख न येणे, हे जिने कधी तारखेवर दिवस काढलेच नाहीत तिच्या बाबतीत काहीच सांगत नाही. ती तिथी बरोबर सांगेल.

शरीराबद्दलच्या समजुती थोडक्यात. म्हाताऱ्यांना झोप कमी लागते असे मानतात. गरज सात-आठ तासांचीच असते, ती सलग लागत नाही इतकेच. तहान मात्र खरोखर मंदावते, म्हणून न मागता पाणी द्यावे. ‘या वयात आता कसला व्यायाम’ याला १९९० मध्ये बॉस्टनमधून उत्तर मिळाले. वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

म्हणीला उत्तर म्हणून मराठीत दोन नावे हमखास निघतात. धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले १९१६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, म्हणजे ज्या वयात राज्य शासन आज नारळ देते. खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी संस्था उभी केली तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा साठीपूर्वी एकच खंड निघाला होता. उरलेले चार त्यानंतर आले, शेवटचा १९६२ मध्ये, काणे ८२ वर्षांचे असताना. पण ही माणसे चाळिशीतही चारचौघांसारखी नव्हती. त्यांच्या मापाने घरातल्या आजोबांना मोजणे हा म्हणीइतकाच अन्याय आहे.

उलट बाजूची समजूत अलीकडे फोफावली आहे : रोज शब्दकोडे सोडवावे, भिजवलेले बदाम खावेत, म्हणजे स्मृतिभ्रंश होत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता येण्याजोग्या किंवा लांबवता येण्याजोग्या १४ कारणांशी जोडलेली आहेत. कमी शिक्षण, न सुधारलेला बहिरेपणा, अधू नजर, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखूचा धूर, दारू, नैराश्य, डोक्याला मार, बैठी सवय, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषण. यांतली बरीच चाळिशी-पन्नाशीत हाताळायची आहेत. बदाम या यादीत नाहीत. श्रवणयंत्र आणि हेल्मेट यांना मात्र तिथे जागा आहे.