किसला तर विष सुटतं, उकडला तर अडकतं: ब्राझीलच्या ताटातला साबुकंद

ब्राझीलच्या उत्तरेला, अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी पारा नावाचं राज्य आहे. तिथे जेवायला बसलं की भात असो वा नसो, फारिन्याचं भांडं हाताशी लागतंच. फारिन्या म्हणजे साबुकंद (कसावा) किसून, पिळून, भाजून केलेला रवाळ भरडा. तळलेला मासा असो, शिजवलेला घेवडा असो की आसाई या ताडफळाचा जांभळा गर, सगळ्यावर तो मुठीने पडतो. तिथल्या लोकांना तो पिवळा, जाड, आंबूस आणि दाताखाली कडकडणारा लागतो. दक्षिणेकडे साओ पावलोत बारीक, पांढरा आणि जवळजवळ बेचव फारिन्या चालतो. लोणी-कांद्यात परतून त्याचा फारोफा करतात आणि फेइज्वादा या काळ्या घेवड्याच्या व डुकराच्या मांसाच्या रश्शासोबत खातात.

आपला उपासाचा साबुदाणाही याच कंदाच्या सत्त्वाचा. अ‍ॅमेझॉन खोऱ्याच्या नैर्ऋत्य कडेला हजारो वर्षांपूर्वी ही वनस्पती लागवडीखाली आली. पोर्तुगीजांमार्फत ती भारतात पोचली, केरळात रुजली आणि तमिळनाडूतल्या सेलमला तिचा साबुदाणा होऊ लागला. आपण तिचं फक्त सत्त्व उचललं. ब्राझीलने अख्खा कंद, त्याचं पाणी आणि पाला, सगळंच ताटात घेतलं. ते जमलं यामागे विष उतरवण्याचं एक पक्कं तंत्र आहे, आणि ब्राझीलच्या कितीतरी आवडीनिवडी त्या तंत्रातूनच आलेल्या आहेत.

साबुकंदाच्या पेशीत लिनामारिन नावाचं संयुग असतं. ते पेशीच्या आतल्या रिक्तिकेत साठवलेलं असतं, आणि ते तोडणारं लिनामारेझ हे विकर बाहेर पेशीभित्तिकेत. पेशी शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. किडीने कुरतडलं किंवा किसणीवर घासलं की पडते. लिनामारिनमधून ग्लुकोज सुटतं, मागे अ‍ॅसिटोन सायनोहायड्रिन उरतं आणि तेही फुटलं की हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतो. हा वायू सुमारे 26 अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे पाराच्या दमट उकाड्यात तो आपसूक उडून जातो.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार किलोभर ताज्या कंदात 50 मिलिग्रॅमपेक्षा कमी सायनाइड असेल तर तो गोडा. कडू जातींत ते याच्या कितीतरी पट असू शकतं. ब्राझीलच्या बाजारात भाजीसाठी गोडा मिळतो. रिओकडे त्याला आइपीं म्हणतात, ईशान्येला माकाशेरा. फारिन्यासाठी मात्र उत्तरेत मुद्दाम कडू लावतात, कारण कीड आणि जनावरं त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. चाखून ठरवू म्हणाल तर फसाल, कारण कडवटपणा आणि सायनाइड दर वेळी हातात हात घालून चालत नाहीत. जात माहीत असणं हाच खरा आधार.

आता स्वयंपाकघरातल्या समजाला धक्का देणारी गोष्ट. कडू कंदाचे मोठे तुकडे उकळत्या पाण्यात टाकले तर विकर उष्णतेने लगेच मरतं, पण लिनामारिन उष्णतेला दाद देत नाही. विष तोडणारं गेलं, विषाचा साठा राहिला. उलट कंद किसून ठेवला की विकर जिवंतपणी आपलं काम पुरं करतं आणि वायू निघून जातो. म्हणून कडू साबुकंद नुसता उकडून खायचा नाही, हा नियम. गोड्याला उकडणं पुरतं, तरी साल पूर्ण काढावी (सालीत सायनाइड जास्त असतं), मधली दोरी काढून टाकावी, तुकडे लहान करावेत, भरपूर पाण्यात झाकण न ठेवता शिजवावेत आणि पाणी ओतून द्यावं. त्या पाण्याचं सूप करण्याचा मोह टाळावा. घेताना कंद मोडून पाहावा. आत निळ्या-काळ्या रेघा दिसल्या तर तो शिळा. काढल्यापासून दोन-तीन दिवसांतच या रेघा येऊ लागतात, आणि फारिन्यासारखा टिकाऊ प्रकार गावोगावी का होतो याचं उत्तरही तिथेच आहे.

फारिन्याचे दोन मार्ग आहेत. कोरड्या प्रकारात कंद सोलून लगेच किसतात. पाण्याच्या प्रकारात, फारिन्या द आग्वात, तो तीन-चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. जिवाणू कंद मऊ करतात, लॅक्टिक आम्ल तयार होतं, आणि पारावाल्यांना हवा असलेला आंबूसपणा तिथून येतो. मग दोन्हींचा लगदा पिळतात. पारंपरिक पिळणी म्हणजे तिपिती, वेताच्या किंवा ताडपट्ट्यांच्या तिरक्या विणीची माणसाएवढी लांब नळी. ती दाबून आखूड केली की फुगते. तेव्हा लगदा ठासून भरायचा, वरचं टोक आढ्याला अडकवायचं आणि खालच्या कडीत दांडा घालून त्यावर भार द्यायचा. वीण ताणली जाते, नळी लांबते आणि बारीक होते, आणि पिवळा रस धारेने खाली पडतो.

पिळलेला लगदा चाळून मोठ्या सपाट कढईत लाकडी फावड्याने सतत हलवत भाजायचा. आधी मंद आच, मग मोठी. सुरुवातीलाच आच वाढवली तर ओल्या कणांवरचा स्टार्च शिजून कवच धरतो, आत ओल कोंडते आणि पोत्यात बुरशी येते. पिळण्यात कुचराई झाली तर गोळे होतात. चांगल्या फारिन्यात ओलावा 13 टक्क्यांच्या वर नसतो. अ‍ॅक्री राज्यातल्या क्रुझेइरो दो सुल गावच्या फारिन्याला 2017 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते कौतुक या हातांच्या सवयीचं आहे.

पिळून निघालेला रस फेकून देत नाहीत. तो भांड्यात ठेवला की तळाशी पांढरं सत्त्व बसतं. तिथे त्याला गोमा म्हणतात. वरचा पिवळा रस आंबू देतात आणि मग लसूण व स्थानिक पाल्यासोबत भरपूर उकळतात. हा तुकुपी. इथे एक रासायनिक मेख आहे: आंबट द्रावात अ‍ॅसिटोन सायनोहायड्रिन टिकून राहतं, आपोआप फुटत नाही. त्यामुळे तुकुपी नुसता आंबवून चालत नाही, नीट उकळावाच लागतो. बेलें शहरात संध्याकाळी रस्त्यावर फळाच्या वाळक्या कवचाच्या वाटीत ताकाका मिळतो: गरम तुकुपी, गोमाची चिकट खळ, सुकट आणि जांबू या पालेभाजीची पानं. जांबूतल्या स्पिलँथॉलने जीभ झिणझिणते आणि जरा बधिर होते. पहिल्यांदा खाणारा दचकतो, बेलेंकराला त्याशिवाय ताकाका ताकाका वाटत नाही.

पाल्याची गोष्ट आणखी दमाची. मानिसोबासाठी साबुकंदाची पानं वाटून चार ते सात दिवस उकळतात, मग त्यात मांस पडतं. ऑक्टोबरमधल्या सिरिओ दे नाझारे या उत्सवात बेलेंच्या घराघरांत हे भांडं चुलीवर असतं. घाई इथे चालतच नाही. मोझांबिकमध्ये 1981 च्या दुष्काळात लोकांकडे कडू कंद नीट मुरवायला वेळ उरला नव्हता, तेव्हा नाम्पुला भागात हजाराहून अधिक माणसांचे, त्यातही बायका-मुलांचे, पाय कायमचे लुळे पडले. शरीर सायनाइड निष्प्रभ करण्यासाठी प्रथिनांमधलं गंधक वापरतं, आणि त्या ताटांत प्रथिनंही नव्हती. कंदात ती जेमतेम एक-दोन टक्के. ब्राझीलच्या ताटात फारिन्याशेजारी घेवडा किंवा मासा असतो, तो चवीपुरताच नाही.

दक्षिण आणि मध्य ब्राझीलची आवड सत्त्वाभोवती फिरते. मिनास जेराइस राज्याचा पाँव जि केजु, म्हणजे चीजचे गोल पाव, आता देशभरातल्या न्याहारीत कॉफीसोबत असतात. यात गहू नाही, यीस्ट नाही, तरी ते फुगतात. यासाठी दोन सत्त्वं लागतात. पोल्विल्यु दोसे हे साधं. आपल्याकडे टॅपिओका स्टार्च म्हणून मिळतं तेच. पोल्विल्यु अझेदु हे आंबट. ते पाण्याखाली कित्येक आठवडे आंबवून उन्हात वाळवतात. ऊन इथे नुसतं वाळवण्यासाठी नाही. लॅक्टिक आम्ल आणि अतिनील किरणं मिळून स्टार्चच्या साखळ्या थोड्या तोडतात, त्यामुळे ओव्हनमध्ये तो वाफेसोबत पुष्कळ ताणतो आणि मग घट्ट होतो. तेच आंबवलेलं सत्त्व यंत्रात वाळवलं तर आंबट होतं, पण फुगत नाही.

घरी करायचं तर दोन्ही सत्त्वं 250-250 ग्रॅम, दूध 250 मिली, तेल 120 मिली, मीठ दोन छोटे चमचे, अंडी दोन ते तीन, मुरलेलं किसलेलं चीज 250 ग्रॅम. दूध, तेल आणि मीठ खळखळून उकळायचं आणि लगेच सत्त्वावर ओतायचं. त्याने काही स्टार्च शिजतो आणि गोळा धरतो. दूध कोमट असेल तर पीठ वाळूसारखं सुटतं. मग हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, नाहीतर अंडी तिथेच शिजतात. अंडी एकेक घालायची. तिसऱ्याआधीच पीठ हाताला चिकटू लागलं तर थांबायचं, कारण सैल पीठ ट्रेवर पसरून चपटे पाव देतं. शेवटी चीज. लिंबाएवढे गोळे, 190 अंश, साधारण 25 मिनिटं. पहिली 20 मिनिटं दार उघडलं तर ते बसतात. सगळं दोसे वापरलं तर पाव गुळगुळीत आणि चिवट होतात, सगळं अझेदु वापरलं तर पोकळ आणि कुरकुरीत. प्रोसेस्ड चीज टाळा, ते वितळून तेल सोडतं. उरलेले गोळे कच्चेच गोठवा आणि न वितळवता थेट ओव्हनमध्ये घाला.

अगदी दक्षिणेला, रिओ ग्रांदे दो सुलमध्ये, इटालियन वंशाच्या वस्त्यांत साबुदाणाच भेटतो, पण तांबड्या वाइनमध्ये शिजवलेला: साखर, लवंग, दालचिनी, आणि वर दुधाची कस्टर्ड. याला सागु म्हणतात. वाइनच्या आंबटपणात फार वेळ उकळला तर दाणे विरघळून खळ होते. म्हणून दाण्याच्या मध्ये पांढरा ठिपका असतानाच आच बंद करतात. गार होता होता तो आपोआप नाहीसा होतो.