‘कंपनीतून आली तशी’ म्हणजे नेमकी कशी?

जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. नवी नोंदणी 20,000 रुपयांना, मुदत दहा वर्षांची, पुढच्या नोंदणीला 5,000. अट मात्र कडक आहे: गाडी मूळ स्वरूपात हवी, चासिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. त्यामुळे पुण्यातल्या गॅरेजांतून वर्षानुवर्षे चालत आलेल्या ‘ओरिजिनल कशाला म्हणायचं’ या वादाला कागदोपत्री वजन आले.

हा वाद जगात जुनाच. 1929 आणि 1930 ची ल मान्स शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ बेंटलीचा खटला 1990 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात चालला. गाडीचे बहुतेक भाग कधी ना कधी बदललेले होते. न्यायालयाने ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ वेगळे काढले: सुटे भाग पाहता गाडी मूळ उरली नव्हती, पण तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता, म्हणून ती अस्सल. 2001 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात पुन्हा न रंगवलेल्या, जशाच्या तशा जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा गट सुरू झाला. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2012 मध्ये तुरिन सनद स्वीकारली. तिचा गाभा असा: बदल करावाच लागला तर तो परत फिरवता यावा, आणि काढलेला महत्त्वाचा भाग गाडीसोबतच राहावा.

हे सगळे आपल्याकडे लावताना एक चूक सर्रास होते: परदेशी गाडीलाच मूळ नमुना मानले जाते. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर आयात भागांची नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना इथे जागा उरली नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. कुर्ल्याच्या प्रीमियरने मात्र फियाट 1100 चे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवत नेले. त्याच गाडीला 1974 पासून पद्मिनी हे नाव मिळाले. म्हणजे पद्मिनीचा ‘मूळ’ नमुना फियाटच्या इटलीतल्या तुरिनचा नाही, कुर्ल्याचा. इटलीहून मागवलेली चकचकीत ग्रिल किंवा बिल्ले लावले की गाडी देखणी दिसते, पण खोटी होते. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तिची चार दारांची आवृत्ती फक्त भारतात निघाली, तेव्हा मागच्या दाराचे माप ब्रिटिश कॅटलॉगमध्ये शोधून सापडणारच नाही.

आयातबंदीच्या काळातल्या दुरुस्त्यांचे काय? स्थानिक लेथवर वळवलेली बुशिंग, इथेच शिवलेले रेक्झिनचे सीट हे त्या गाडीच्या आयुष्याचे थर आहेत. ते सरसकट उपटू नयेत असे आमचे ठाम मत आहे. स्टिअरिंगजवळचा गिअर काढून खाली फ्लोअरला बसवला असेल, तर मात्र तो परत वर न्यावा. त्यासाठी लिंकेजचे सगळे दांडे मिळाल्याशिवाय काम उघडू नये.

रंगाचा पुरावा मागच्या सीटखाली, दाराच्या पॅडमागे आणि ग्लोव्ह बॉक्सच्या आत टिकतो. त्या काळचा ड्युको म्हणजे नायट्रोसेल्युलोज. लपलेल्या जागी थिनरचे फडके घासा: ड्युको विरघळून फडक्यावर येतो, नंतर मारलेला टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) येत नाही. जुन्या ड्युकोवर थेट पीयू मारला तर खालचा थर उचलला जाऊन सुरकुत्या पडतात. ड्युकोच मारायचा असेल तर पुण्याचा पावसाळा टाळा. थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगावर पांढरट झाक येते. बॉनेट आणि छताचे सपाट पत्रे जोरात सँडब्लास्ट केले तर लाटा येतात. तिथे रंग काढायचे रसायन वापरावे आणि उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर चढवावा. जाड लांबीखाली (पुट्टीखाली) गंज आतून वाढतच राहतो, त्यामुळे तिथला पत्रा कापून नवा जोडणेच बरे.

चासिस नंबरवर ग्राइंडर कधीही लावू नये. गंज रसायनाने सोडवून पेन्सिलने प्रिंट घ्यावी आणि आरसी बुकाशी ताडून पाहावी. इंजिन बदललेले असेल तर आरटीओत त्याची नोंद आहे का, हे गाडी उघडण्याआधी बघावे. आट्यांचा घोळही नेहमीचा. फियाट मिलिमीटरची, तर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये इंची आटे. नाना पेठेतून आणलेला ‘जवळपास बसणारा’ बोल्ट दाबून फिरवला की ब्लॉकमधले मूळ आटे कायमचे जातात.

काही बदल मात्र करावेच लागतात. 2000 पर्यंत पेट्रोलमधले शिसे गेले. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या बीडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह थेट बीडावरच बसतात, आणि शिशाविना त्या जागा झिजतात. हेड उतरवले की तिथे कडक सीट रिंगा बसवून घ्याव्यात. बाहेरून काही दिसत नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याने जुन्या रबरी नळ्या फुगतात, पंपाचा डायफ्राम निकामी होतो आणि उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये पाणी धरून पांढरी भुकटी साचते. नळ्या आणि डायफ्राम इथेनॉल सोसणारे घ्यावेत, पण पंपाची मूळ बॉडी तीच ठेवावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचा बाउल (पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करावा. काढलेला प्रत्येक भाग तारीख आणि किलोमीटर लिहून गाडीसोबत ठेवावा.